निवांत पाणी

मासा झोपलाय की नुसता गप्प पडलाय, हे ओळखणं हाच माझ्या बायकोचा धंदा, असं सन्मती चारचौघांत हसत सांगतो. सन्मती म्हणजे माझा नवरा, डॉ. सन्मती चौगुले, भूलतज्ज्ञ. तो माणसांना भूल देतो, मी माशांना. आमच्या मिरजेत खडा टाकला तर तो डॉक्टरच्याच डोक्यात पडेल इतके डॉक्टर, तरी माशांची डॉक्टर म्हटलं की लोक आधी मला न्याहाळतात आणि मग अदबीने विचारतात, "म्हणजे मत्स्यविभागात का?" नाही हो. शोभेचे मासे. दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीतले, हॉटेलांच्या हौदातले. त्यांनाही गाठी होतात, जखमा होतात, आणि त्यांच्यावर कात्री चालवायची तर आधी भूल द्यावीच लागते.

ती देण्याची रीत साधी आहे. औषध पाण्यात विरघळवायचं आणि मासा त्यात सोडायचा. मासा पाण्यातूनच श्वास घेतो, त्यामुळे औषध कल्ल्यांवाटे सरळ रक्तात जातं. आधी त्याचं पोहणं अडखळतं, मग तोल जातो, मग तो कुशीवर कलतो आणि शेपटीला चिमटा काढला तरी हलत नाही. कल्ले तेवढे संथपणे उघडमीट करत राहतात. काम झालं की त्याला बुडबुडे सोडलेल्या स्वच्छ पाण्यात ठेवायचं. औषध आलं त्याच वाटेने निघून जातं आणि मासा काही घडलंच नाही अशा थाटात पोहू लागतो.

त्या सकाळी माझ्या टेबलावर लाडू होता. लाडू हा नारिंगी रंगाचा गोल्डफिश. त्यांतल्या या जातीच्या डोक्यावर मांसाचा दाणेदार गोळा वाढतो, अगदी बुंदीच्या लाडवासारखा, आणि वाढता वाढता तो डोळ्यांवर येतो. लाडूचे दोन्ही डोळे जवळजवळ झाकले गेले होते. तो गोळा छाटायचा होता. एरवी हे काम मी गप्पा मारता मारता करते. त्या दिवशी मात्र हात जपून चालत होता, कारण लाडू ताराआक्कांचा होता.

ताराआक्का माने यांची दवाखान्यांच्या गल्लीत खानावळ होती. पेशंटचे नातेवाईक तिथे जेवत, आणि वसतिगृहाच्या जेवणाला कंटाळलेले विद्यार्थीही. सन्मती त्यातलाच. शिकत होता तेव्हा पाच वर्षं हा मुलगा आक्कांच्या हातचं जेवला. जैनाचं पोर म्हणून त्याच्यासाठी कांदा-लसणाशिवाय वेगळी आमटी, तीही दिवस मावळायच्या आत. गल्ल्याशेजारच्या टाकीत लाडू असायचा आणि आक्का गिऱ्हाइकांइतकंच त्याच्याशीही बोलायच्या. महिन्यापूर्वी खानावळीच्या दारात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरची बॅटरी फुटली. पाठ, दोन्ही पाय, उजवा हात आणि कपाळ भाजलं. डावा हात तेवढा वाचला. शुद्धीवर आल्या तेव्हा मी भेटायला गेले, तर म्हणाल्या, "माजं असूंदे. लाडवाला दिसंना झालंय, त्येचं बग आधी."

आक्कांचं काय चाललं होतं ते इथे सांगायला हवं.

भाजलेल्या माणसाचे खरे हाल आग विझल्यावर सुरू होतात. पट्ट्या बदलाव्या लागतात, मेलेली कातडी काढावी लागते, आणि ते पुन्हा पुन्हा. दर वेळी पूर्ण भूल द्यायची तर आक्कांचं हृदय कमजोर. हलक्या भुलीचं जुनं इंजेक्शन दिलं की रक्तदाब भलताच चढायचा. यावर तोडगा निघाला तो माशांकडून. माशांसाठी गेली काही वर्षं 'निवांत' नावाची भुकटी निघाली आहे. तिच्यात दोन द्रव्यं असतात, एक स्नायू सैल पाडून शरीर निश्चल करतं, दुसरं मेंदूला झोपवतं. श्वासाच्या स्नायूंना मात्र ती धक्का लावत नाहीत. कोणाच्या तरी डोक्यात आलं की भाजलेली उघडी त्वचाही कल्ल्यांसारखीच औषध शोषून घेते. मग माणसालाच टबातल्या औषधी पाण्यात निजवलं तर? टोचाटोची नाही, घशात नळी नाही. परीक्षणं झाली, परवानगी मिळाली, आणि गावाबाहेर मालगावच्या बाजूला भाजलेल्यांचं नवं रुग्णालय झालं तिथे हे 'निवांतस्नान' सुरू करायचं काम सन्मतीकडे आलं. पहिली पेशंट ताराआक्का. तशी सोयच त्याने लावून घेतली. आक्कांचं ऋण फेडायची संधी कोण सोडेल?

आदल्या संध्याकाळी, आमच्या घरच्या शिरस्त्याप्रमाणे सूर्य असतानाच आम्ही जेवायला बसलो होतो, तेव्हा तो नुसता उतू चालला होता.

"दुसरं स्नान झालं गं. सगळी पाठ स्वच्छ केली, आक्का हूं की चूं नाही. जाग आल्यावर म्हणतात, काही कळलंच न्हाई बगा."

माझ्या सासूबाई, सुलोचनाआई, भात वाढता वाढता थांबल्या. "खरंच काही कळलं नाही?"

"एवढंसुद्धा नाही." मग तो जरा कमी आवाजात म्हणाला, "फक्त एक विचित्र झालंय. नळाचा आवाज आला की त्यांना दरदरून घाम फुटतो. उलटी येते. त्यांनाच लाज वाटते. मला विचारत होत्या, माजं डोकं फिरलं का रं? आगीचा धक्का असणार. मनोविकारवाल्यांनी गोळ्या चालू केल्यात."

"बाई बाई," आई म्हणाल्या. "आगीत पोळलेली बाई पाण्याला का भिईल?"

आम्हा दोघा डॉक्टरांनी ते हसण्यावारी नेलं. मीही भाताचा घास घेतला आणि विसरून गेले.

तर ती सकाळ. 'निवांत' घातलेल्या टबात लाडू कुशीवर कलला. चिमटा काढला, हलला नाही. कल्ले संथ. मी त्याला ओल्या स्पंजावर घेतलं, तोंडातून औषधी पाण्याची बारीक नळी चालू ठेवली आणि गंमत म्हणून 'जागल्या' बसवला. गावात रात्री पहारा देणाऱ्याला जुनी माणसं जागल्या म्हणायची, तेच नाव या यंत्राला दिलंय. हे पुण्याच्या एका संस्थेने चाचणीसाठी पाठवलेलं कडं आहे. माशाच्या डोक्याभोवती धरलं की त्याच्या मेंदूतल्या विजेच्या लहरी पाण्यातूनच टिपतं आणि पडद्यावर त्यांची रेघ काढतं. मासा झोपला असेल तर हिरवा दिवा, जागा असेल तर लाल. आठवडाभर मी ते रोज लावत होते आणि ते रोज इमानाने हिरवं होत होतं.

आज लाल झालं.

बिघडलं, असं म्हणून मी कडं हलवून पुन्हा लावलं. लाल. नव्या यंत्रांचं हे असंच, आठवड्यातच रुसतात, असं पुटपुटत मी कात्री घेतली आणि डाव्या डोळ्यावरचा पहिला दाणा छाटला. लाडू तसूभरही हलला नाही. पडद्यावरची रेघ मात्र ताडकन वर उसळली, खाली आली, पुन्हा उसळली.

मी कात्री खाली ठेवली. यंत्र बिघडलं असतं तर माझ्या कात्रीची वेळ त्याला कशी कळली असती?

लाडूला मी ताबडतोब स्वच्छ पाण्यात सोडलं. थोड्या वेळाने तो सरळ झाला, पोहू लागला, दाणे टाकले ते खाल्लेही. पण भुलीचा पांढरा टब मी बाजूला सरकवला आणि त्याची सावली पाण्यावर पडली, तसा तो कोपऱ्यात जाऊन काचेला चिकटून राहिला. या माशाला मी जागेपणी कापलं होतं.

औषध तेच, डबाही तोच, मात्रा तीच. मग बदललं काय? मी टबात बोट बुडवलं आणि ओरडलेच, "आई, टबात पाणी कोणी भरलं?"

आई पदराला हात पुसत आल्या. दवाखाना घराच्या खालच्याच मजल्यावर आहे. "मीच. का गं? तू बोअरचं कच्चं पाणी भरून ठेवलं होतंस. मुक्या जिवाला कापायचंय, निदान पाणी तरी चांगलं असावं म्हटलं. माझं प्रासुक होतं की दोन घागरी, तेच घातलं."

प्रासुक म्हणजे दुहेरी फडक्यातून गाळून, उकळून, थंड केलेलं पाणी. आई गेली कित्येक वर्षं दुसरं पाणी पीत नाहीत. माझ्या संतापाला तोंडच राहिलं नाही. त्यांनी केलं ते जीव लावून केलं होतं.

मी वर स्वयंपाकघरात धावले. उकळायचं पातेलं पालथं होतं. आत बोट फिरवलं तर पांढरा खरखरीत थर. आमच्या बोअरच्या पाण्यातला क्षार. उकळल्यावर तो पातेल्याला बसतो आणि पाणी मऊ होतं. प्यायला उत्तम, पण त्या क्षाराबरोबरच पाण्याची आंबटपणा झेलायची ताकदही जाते. 'निवांत' मुळात आम्लधर्मी आहे. जड पाण्यात घातलं तर पाणी ते पचवतं, मऊ पाण्यात घातलं तर सगळा टब आंबट होतो. आणि झोपवणाऱ्या द्रव्याची गोम अशी, की आंबट पाण्यात त्याच्या कणांना विद्युतभार चिकटतो. असे कण पेशींच्या स्निग्ध पडद्यातून आत फारसे शिरू शकत नाहीत. स्नायू सैल पाडणारं द्रव्य मात्र कशाही पाण्यातून आत जातं.

म्हणजे शरीर बंद आणि मेंदू टक्क जागा.

मला खात्री करून घ्यायला हवी होती. माझा स्वतःचा एक धडधाकट गोल्डफिश त्याच टबात सोडला. कलला, निश्चल झाला. जागल्या लाल. मग स्वयंपाकघरातला खायचा सोडा चमचाभर पाण्यात कालवून हळूहळू टबात ओतला. बाकी काही बदललं नाही, हात फक्त ढवळत राहिला. दिवा लाल, लाल, आणि मग हिरवा. मासा आधी जसा पडला होता अगदी तसाच पडून होता. डोळ्यांनी बघणाऱ्याला काडीचा फरक दिसला नसता.

आई माझ्या खांद्यावरून बघत होत्या. "म्हणजे माझ्या पाण्यानं..."

"तुमच्या पाण्यानं मला हे कळलं, आई," मी म्हणाले. आणि तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. आक्कांच्या टबात कुठलं पाणी असतं? भाजलेल्या अंगाला जंतू लागू नयेत म्हणून तिथे क्षार, जंतू, सगळं काढून टाकलेलं पाणी वापरतात. त्याचं सन्मतीलाच केवढं कौतुक! औषधाच्या परीक्षणात साधं पाणी होतं, रुग्णालयाने चांगलं म्हणून त्याहून शुद्ध घेतलं. आईंनी केलं तेच, फक्त मोठ्या यंत्राने.

नळाच्या आवाजाला आक्का का घाबरत होत्या ते मला कळलं. तिसरं स्नान आज सकाळीच होतं.

सन्मतीला फोन लावला. वाजत राहिला. स्नानगृहात जाताना सगळे फोन बाहेर कपाटात ठेवतात. वॉर्डात लावला, तर "डॉक्टर आत जायच्या तयारीत आहेत, निरोप ठेवा." निरोप ठेवला. कोण देणार होतं तो?

खाली बिनचालकाची रिक्षा उभी होती. बसले, पत्ता सांगितला, "लवकर" म्हणाले. रिक्षा अत्यंत सभ्यपणे निघाली. या रिक्षांना घाई हा प्रकारच शिकवलेला नाही. मालगाव रस्त्याला लागलो आणि समोर म्हशी आल्या. रिक्षा थांबली. "मार्गात अडथळा आहे, कृपया संयम ठेवा," असं गोड आवाजात म्हणून तिने सतारीचे सूर लावले. मला वेड लागायची पाळी आली. खाली उतरले, हातातली पिशवी फिरवत, घसा फोडून ओरडत म्हशी रस्त्याच्या कडेला घातल्या. त्यांचा मालक मागून येत होता, तो म्हणाला, "डॉक्टरीणबाई, एवढी कशाची गडबड?" उत्तर द्यायलाही मी थांबले नाही. डोळ्यांसमोर एकच होतं, आक्का टबात पडल्यात, पाठीवरची कातडी निघतेय, आणि त्या बोंब मारतायत, फक्त ती कोणाला ऐकू येत नाहीये.

स्नानगृहाच्या दाराशी सन्मती हिरव्या कपड्यांत उभा होता. आत सालोमी सिस्टर टबाचं पाणी तपासत होत्या. आक्का शेजारच्या ट्रॉलीवर होत्या. अजून टबात उतरवलं नव्हतं. धापा टाकत मी सगळं सांगितलं. लाडू, जागल्या, पातेलं, सोडा.

तो ऐकत गेला तसा त्याचा चेहरा घट्ट होत गेला. "पद्मजा, तो मासा आहे."

"औषध तेच आहे."

"दोनदा झालंय. आक्का दगडासारख्या पडून असतात."

"लाडूही दगडासारखाच पडला होता."

"ठोके वाढत नाहीत. रक्तदाब वाढत नाही. जागा माणूस असा राहील?"

"हृदयाच्या गोळ्या चालू आहेत ना त्यांना? ठोके, रक्तदाब वाढूच नयेत म्हणून?"

त्याने हातमोजा ओढून सरळ केला. मग म्हणाला, "जाग आल्यावर त्यांना काहीच आठवत नाही."

"आठवत नाही म्हणजे घडलं नाही का रे? जे थोडं औषध आत शिरलं, त्याने आठवण पुसली. भोगणं नाही पुसलं."

"हळू बोल." तो चिडला होता आणि घाबरलाही होता. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर दोन्हींतला फरक मला कळतो. "तू काय बोलतेयस कळतंय का तुला? म्हणजे मी आक्कांना, मी माझ्या हातांनी दोनदा..." त्याने डोक्यावरची टोपी काढली. "मेंदूच्या लहरी बघू म्हटलं तर कपाळ भाजलंय, तारा चिकटवायच्या कुठे? आणि स्नान थांबवलं तर पट्ट्यांखाली जखमा कुजतील. नुसत्या तुझ्या माशाच्या भरवशावर थांबवू, की टबात सोडा ओतू?"

"थांबवू नको. डावा हात बांध."

त्याची नजर आक्कांच्या डाव्या दंडाकडे गेली. ही युक्ती मला त्यानेच सांगितली होती, लग्न ठरल्यावर एका सहलीत, भलत्याच रोमँटिक ठिकाणी. पेशंटला निश्चल करायच्या आधी एका दंडाला रक्तदाबाचा पट्टा घट्ट आवळायचा. मग औषध रक्तातून त्या हातापर्यंत पोचत नाही. बाकीचं शरीर बंद पडलं तरी तो एक हात हलू शकतो. माणूस आतून जागा असेल, तर तो हात सांगतो.

"त्याने नुकसान काहीच नाही," मी म्हणाले. "पट्ट्यांना हात लावायच्या आधी विचार, मग ठरव."

"आणि तू खोटी ठरलीस तर?"

"तर जन्मभर मला मत्स्यविभागात म्हण."

तो हसला नाही. पण त्याने सिस्टरना पट्टा आणायला सांगितलं.

मला अंगावर कपडे चढवून आत घेतलं. टबात पाणी पडत होतं आणि त्या आवाजाबरोबर आक्कांना दरदरून घाम फुटत होता. मी त्यांचा डावा हात धरला.

"तू व्हय? लाडवाचं काय झालं?"

"बरा आहे. आक्का, मी इथेच तुमचा हात धरून बसते. आमचा आवाज आला तर हात दाबायचा. एवढंच."

"निजलेलं माणूस हात कसं दाबंल? येडी का खुळी." मग अगदी हळू म्हणाल्या, "धर पण. सोडू नको."

दंडाला पट्टा आवळला. तोही फार वेळ आवळून ठेवता येत नाही, सालोमी सिस्टर घड्याळाकडे लक्ष ठेवून होत्या. आक्कांना झोळीतून पाण्यात उतरवलं, चेहरा वर, डावा हात टबाच्या काठावर माझ्या हातात. त्यांच्या पापण्या जड झाल्या, मान सैल पडली. सन्मतीने पायाच्या अंगठ्याला चिमटा काढला. काही नाही. नाकावरच्या प्राणवायूच्या मास्कमध्ये श्वास संथ येत-जात होता. चेहऱ्यावर इतकी शांती, की क्षणभर माझाच माझ्यावरचा विश्वास उडाला. खरं सांगते, त्या वेळी मला खोटं ठरायचं होतं.

सन्मती वाकला. "आक्का, मी सन्मती. माझा आवाज येत असला तर हात दाबा."

काही झालं नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. सालोमी सिस्टरनी चिमटा उचलला.

आणि माझ्या तळव्यात बोटं हलली. अगदी थोडी.

"हलला," मी म्हणाले.

"थरथर असेल. सैल पडताना स्नायू थरथरतात." पण तो आणखी खाली वाकला. "सिस्टर, थांबा. आक्का, दोनदा दाबा. दोनदा."

एकदा दाबला. थांबला. पुन्हा दाबला.

पाण्याचा पंप तेवढा घुरघुरत होता. सन्मतीने माझ्या हाताखाली स्वतःचा हात सरकवला, आक्कांची बोटं आपल्या हातात घेतली आणि लहान मुलाने विचारावं तसं विचारलं, "आक्का, तीनदा दाबाल?"

आक्कांनी तीनदा दाबला नाही. त्यांनी त्याचा हात घट्ट पकडला आणि सोडलाच नाही. चेहऱ्यावर तीच शांती होती. नखं मात्र त्याच्या हातात रुतत होती.

"बाहेर काढा," सन्मती ओरडला. "साध्या कोमट पाण्याने धुवा, पट्ट्यांना कोणी हात लावायचा नाही. मी आहे, आक्का. कोणी काही करत नाहीये. मी आहे इथे." तो हेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. झोळी वर आली, साधं पाणी अंगावर सोडलं, औषध उतरू लागलं. तोवर कोणी त्यांना हात लावला नाही आणि त्यानेही हात सोडवून घेतला नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्याच्याकडे दुसरा हात होता, तो त्याने वापरला नाही.

हळूहळू आक्कांची मान सावरली. पायाची बोटं हलली. पापण्या उघडल्या. ट्रॉलीवर कोरड्या चादरीत गुंडाळून घेतल्यावर त्या आमच्याकडे बघून चक्क हसल्या.

"झालं? आज बिगी झालं की रं. काई कळलं न्हाई बगा. देवमाणूस हाईस सन्मती, लई सुखाची झोप लागती."

मी सन्मतीकडे बघितलं. त्याच्या हातावर नखांच्या लाल खुणा होत्या. तो एका शब्दाने बोलला नसता तरी काही बिघडणार नव्हतं. उद्यापासून पाण्यात सोडा पडला असता, तपासून मगच स्नान दिलं असतं, वरिष्ठांना काय कळवायचं ते कळवलं असतं. आक्कांना तर काही आठवतच नव्हतं. ज्या माउलीने पाच वर्षं वेगळी आमटी केली, तिच्या तोंडून आलेला देवमाणूस हा शब्द त्याला ठेवून घेता आला असता. मला वाटलं, ठेवून घेईल. आणि लाजेने सांगते, मी त्याला दोष दिला नसता.

कोपऱ्यातल्या नळाचा थेंब टबात पडला. आक्कांचं हसू मावळलं, कपाळाच्या पट्टीखाली घाम दिसू लागला. "बग की," त्या ओशाळून म्हणाल्या, "पुन्ना तसंच व्हायला लागलं. त्या गोळ्या वाढीव द्या म्हनावं. डोकंच काम करंना माजं."

सन्मती उठला, नळ घट्ट बंद केला आणि स्टूल ओढून त्यांच्या तोंडासमोर बसला.

"आक्का, तुम्ही झोपला नव्हता," तो म्हणाला. "आज नाही, आणि आधीच्या दोन वेळीही नाही. पाण्याने औषध बिघडलं होतं. तुम्हाला सगळं कळत होतं, फक्त हलता येत नव्हतं. मला ते समजलं नाही. तुमची पाठ मी तशीच साफ करून घेतली."

आक्कांनी त्याच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता रडतील, नाहीतर तोंड फिरवतील. सालोमी सिस्टर भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

"म्हंजे," आक्का सावकाश म्हणाल्या, "मला आटवत न्हाई, पर अंगाला आटवतंय."

"हो."

"मग माजं डोकं फिरलं न्हवतं तर."

"नाही आक्का. तुमचं डोकं अगदी ठिकाणावर आहे."

त्यांनी डोळे मिटले आणि भाजल्यापासून पहिल्यांदाच त्या मोठ्याने रडल्या. सन्मती मान खाली घालून बसून राहिला. थोड्या वेळाने आक्कांनी तो डावा हात पुढे केला, त्याच्या हातावरच्या नखांच्या खुणा अंगठ्याने चाचपल्या आणि विचारलं, "ह्ये मीच केलं व्हय?"